कुणाचा कर, कुणाची शपथ

१

मी इतिहास शिकवतो. अर्थशास्त्र माझा विषय नव्हे. तरीही कराच्या इतिहासावर लिहायला बसलो, त्याला कारण आमच्या स्टाफरूममधले एक वाक्य. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स हातात धरून मुलेमुली व्हरांड्यात रांगेत उभी होती. त्या रांगेकडे पाहत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "टॅक्स आम्ही भरायचा आणि शिकायचे ह्यांनी." बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. चहाचा घोट घेता घेता सहज बोलून गेला. मी त्याच रांगेतून आलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात नसावे. मी गप्प बसलो. ते गप्प बसणे मात्र कित्येक दिवस मला टोचत राहिले.

त्याच आठवड्यात पगाराची स्लिप हाती आली. तीत दरमहा एक ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. महाराष्ट्राने १९७५ साली हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, व्यापाऱ्याने थोडे द्यावे आणि खेड्यातल्या रिकाम्या हाताला काम मिळावे, असा त्यामागचा विचार. मी चौथीत होतो तेव्हा माझी आई रोजगार हमीच्या कामावर होती. पाझर तलावाच्या भिंतीवर ती मातीच्या पाट्या टाकत होती. कुणा अनोळखी माणसाने भरलेल्या करातून आमची चूल पेटली. आणि माझे वडील? त्यांनी जन्मात आयकर भरला नाही. पण साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर, काडेपेटीवर ते कर भरतच होते. त्याची पावती कुणी देत नाही, म्हणून तो कर नव्हे काय?

'आम्ही करदाते' ह्या दोन शब्दांत कोण बसते आणि कोण बाहेर राहते, हे शोधता शोधता मी अमेरिकेत जाऊन पोचलो. तिथे हे शब्द केवळ चहाच्या वेळी उच्चारले जात नाहीत. त्यांची लेखी शपथ झालेली आहे. तिच्यावर निवडणुका लढवल्या गेल्या, आणि तिच्यापायी देशाच्या विधिमंडळाची वारंवार कोंडी झाली. ज्या देशातल्या सदाचारी लोकांना जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्या देशातला हा इतिहास आपल्या चळवळीतल्या माणसांनी समजून घेतला पाहिजे असे मला वाटते.

२

शपथ म्हणजे काय ते आधी सांगतो. रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना, १९८५ साली, ग्रोव्हर नॉर्क्विस्ट यांनी 'अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म' ही संघटना काढली. १९८६ पासून ही संघटना निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांपुढे एक कागद ठेवू लागली. नाव, 'करदाता संरक्षण शपथ'. मजकूर दोन कलमांचा. एक : व्यक्तीच्या वा व्यवसायाच्या आयकराचे दर वाढवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला मी विरोध करीन. दोन : करातल्या सवलती कमी करायच्या झाल्या तर तेवढ्याच रकमेने दर उतरवल्याखेरीज मी मान्यता देणार नाही. खाली उमेदवाराची आणि साक्षीदारांची सही. मुदत नाही. माणूस पदावर आहे तोवर शपथ लागू, असे संघटना मानते.

ह्यात वाईट काय, असे कुणी विचारील. कर वाढू नये असे कुणाला वाटत नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु ही शपथ खर्चाबद्दल काहीच बोलत नाही. युद्ध येवो, पूर येवो, शाळांची छपरे गळोत, उत्तर आधीच ठरलेले. प्रतिनिधीने सभागृहात जावे, दुसऱ्याचे ऐकावे आणि मग मत बनवावे, ही लोकशाहीची रीत. इथे वाद सुरू होण्याआधीच मत गहाण पडलेले असते. गहाण कुणाकडे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर १९८६ सालात सापडत नाही. त्यासाठी आणखी ११५ वर्षे मागे जावे लागते.

३

१८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. दक्षिण कॅरोलायना ह्या राज्यात काळ्यांची संख्या गोऱ्यांहून जास्त होती. १८६८ च्या नव्या राज्यघटनेने काळ्या पुरुषांना मताधिकार दिला, आणि विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात त्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत झाले. ह्या घटनेने सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद केली. गुलामांना वाचायला शिकवणे हा ज्या राज्यात १८३४ पासून गुन्हा होता, त्या राज्यातली ही गोष्ट आहे.

शाळेला पैसा लागतो. युद्धापूर्वी मोठ्या मळेवाल्यांच्या जमिनीवरचा कर नाममात्र होता, कारण विधिमंडळ त्यांचेच होते. आता जमिनीवर कर वाढला. मे १८७१ मध्ये राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात, 'करदात्यांची परिषद' भरली. फेब्रुवारी १८७४ मध्ये ती पुन्हा भरली आणि तिचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष ग्रँट यांना भेटले. परिषदेत जुने मळेवाले होते, बंडखोर सैन्यातले माजी अधिकारी होते, वकील आणि व्यापारी होते. त्यांचे गाऱ्हाणे थोडक्यात असे : जे कर भरतात त्यांच्या हाती सत्ता नाही, आणि ज्यांच्या हाती सत्ता आहे ते कर भरत नाहीत.

आमच्या स्टाफरूममधले वाक्य ते हेच. फक्त दीडशे वर्षे जुने.

त्या काळच्या राज्यकारभारात भ्रष्टाचार होता. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात लबाड्या झाल्या, आणि त्यांत गोरे होते तसे काळेही होते. हे झाकण्याचे कारण नाही. आपल्या बाजूची चूक झाकणाऱ्याला इतिहास लिहिता येत नाही. पण परिषदेतल्या पुढाऱ्यांना चोरी थांबवून शाळा वाढवायच्या होत्या काय? पुढच्या तीन वर्षांत काय घडले ते पाहावे. १८७६ ची निवडणूक लाल सदरे घातलेल्या सशस्त्र गोऱ्या टोळ्यांच्या दहशतीखाली झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये हॅम्बर्ग ह्या गावी काळ्यांचे हत्याकांड झाले. १८७७ साली केंद्राने आपले सैन्य मागे घेतले आणि सत्ता पुन्हा जुन्या हातांत गेली. राज्याच्या विद्यापीठाने १८७३ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले होते. हार्वर्डचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर तिथे प्राध्यापक होते. १८७७ साली ते विद्यापीठ बंद करण्यात आले, आणि १८८० मध्ये पुन्हा उघडले ते फक्त गोऱ्यांसाठी.

काळे कर भरत नाहीत, हा आरोपही तपासून पाहण्यासारखा आहे. ज्या जमिनीवर कर बसत होता तिची किंमत आली कुठून? पिढ्यान्‌पिढ्या मजुरी न मिळालेल्या हातांनी ती उभी केली होती. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ साली 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका' हा ग्रंथ लिहून ह्या काळाचा इतिहास उलटा करून दाखवला. दक्षिणेत सर्वांसाठी सार्वजनिक शाळा आल्या त्या मुख्यतः मुक्त झालेल्या गुलामांच्या मागणीमुळे, आणि त्या शाळांचा लाभ गरीब गोऱ्यांनाही झाला, हे त्यांनी मांडले. बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले ते ह्याच डू बॉइसना.

सत्ता परत मिळाल्यावर जुन्या मालकांनी दोन कुलपे लावली : एक मतपेटीला, दुसरे तिजोरीला. मिसिसिपी राज्याची १८९० ची घटना पाहा. मतदारावर दोन डॉलरांची डोईपट्टी बसवली आणि घटनेचे कलम वाचण्याची वा समजावून सांगण्याची परीक्षा ठेवली. त्याच घटनेच्या ७० व्या कलमात लिहिले की, महसुलाचे कोणतेही विधेयक दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतांशिवाय मंजूर होणार नाही. अलाबामाने १८७५ च्या घटनेत मालमत्ता कराला कमाल मर्यादा घातली. १९०१ च्या घटनेत ती मर्यादा चालू ठेवली आणि वर्षाला दीड डॉलरची डोईपट्टी लावली. ती थकत थकत ३६ डॉलरांपर्यंत साचत असे. शाळेसाठी कर हा जुलूम म्हणणाऱ्यांनी मत देण्यावर मात्र कर बसवला. तोही अशा मजुरावर, ज्याच्या हाती रोख डॉलर क्वचितच येई.

१९६४ ची चोविसावी घटनादुरुस्ती आणि १९६६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ह्यांनी पहिले कुलूप तोडले. मिसिसिपीतले दुसरे कुलूप अजून जागच्या जागी आहे.

४

कोलंबिया हे नाव ह्या कथेत दुसऱ्यांदा येते ते न्यूयॉर्कच्या विद्यापीठाचे. बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये तिथे पोचले. फेब्रुवारी १९१३ मध्ये अमेरिकेच्या घटनेची सोळावी दुरुस्ती मंजूर झाली होती, आणि ऑक्टोबरमध्ये आयकराचा कायदा झाला. त्यापूर्वी १८९४ साली आयकर बसवण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो रद्द केला. तोवर केंद्राची तिजोरी मुख्यतः आयातीवरची जकात आणि दारू-तंबाखूवरचा कर ह्यांवर चाले. म्हणजे गरिबाने कापड घेतले, साखर घेतली, की तिजोरी भरे. श्रीमंताच्या नफ्याला हात लागत नसे. १९१३ च्या कायद्याने ३,००० डॉलरांपर्यंतचे उत्पन्न सोडून दिले, त्यावर शेकडा एक कर घेतला, आणि अतिश्रीमंतांसाठी तो शेकडा सातपर्यंत नेला. बहुसंख्य अमेरिकनांना तो भरावाच लागला नाही.

बाबासाहेबांचे गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे आयकराच्या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या अभ्यासकांपैकी एक. १९११ साली त्यांचा आयकरावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. बाबासाहेबांच्या 'ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती' ह्या १९२५ च्या ग्रंथाला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणतो, पण ते आधी राजस्वाचे अभ्यासक होते हे विसरतो. तिजोरी कुणाच्या घामाने भरते आणि कुणासाठी उघडते, हा प्रश्न त्यांनी कोलंबियात शास्त्र म्हणून शिकून घेतला. तिथे त्यांना पाठवले तेही बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीने. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीनसारा आणि आयकर ह्यांतला फरक नेमका दाखवला. पीक बुडाले तरी लहान शेतकऱ्याला सारा चुकत नाही. आयकर मात्र उत्पन्न असेल तरच आणि ठरावीक मर्यादेच्या वरच भरावा लागतो.

म्हणून 'कर नको' म्हणणारा प्रत्येक जण मळेवाल्यांच्या वंशातला, असे मी म्हणणार नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लोकल फंडावर आसूड ओढलाच आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढेही त्यांनी सांगितले की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो. त्यांचे भांडण कराशी नव्हते. कुणाकडून घेता आणि कुणावर खर्चता, ह्याच्याशी होते. कोलंबियातल्या परिषदेचे भांडण नेमके उलट्या दिशेचे होते. शब्द तोच असला तरी तोंड कुणाचे आहे ते पाहावे लागते.

५

आता व्हर्जिनिया राज्यातला प्रिन्स एडवर्ड परगणा. १९५१ साली तिथल्या काळ्यांच्या शाळेत विद्यार्थ्यांनी संप केला. शाळा अपुरी होती आणि जादा वर्ग डांबरी कागदाच्या झोपड्यांत भरत होते. त्या संपातून निघालेला खटला, १९५४ साली शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या प्रसिद्ध निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक होता. १९५९ मध्ये न्यायालयाने परगण्याला शाळा एकत्र करण्याचा आदेश दिला. परगण्याच्या कारभारी मंडळाने काय केले? त्यांनी काळ्या मुलांना अडवले नाही, दारावर माणसे उभी केली नाहीत. त्यांनी फक्त शाळेचा कर बसवण्याचे नाकारले. पैसा नाही, म्हणून सर्व सार्वजनिक शाळा बंद. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. तिला पुढे सरकारी अनुदानाची आणि करसवलतीची मदतही मिळाली. बहुसंख्य काळी मुले मात्र पाच वर्षे शाळेविना राहिली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शाळा उघडण्यासाठी आवश्यक तर कर बसवण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकते.

मला ह्या प्रसंगात शपथेचे खरे रूप दिसते. सार्वजनिक गोष्ट सर्वांची करावी लागणार असे दिसताच तिचा पैसा तोडायचा, म्हणजे भेदभावाचा शब्दही तोंडातून काढावा लागत नाही.

हे माझे अनुमान आहे असे कुणी म्हणू नये. रिपब्लिकन पक्षाचे डावपेच ठरवणारे ली ॲटवॉटर यांनी १९८१ साली एका अभ्यासकाला दिलेल्या मुलाखतीत हे बोलून दाखवले आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा : १९५४ साली काळ्यांना उघड शिवी देऊन मते मिळत, १९६८ पर्यंत ती शिवी महागात पडू लागली, मग भाषा बदलत बदलत कर कमी करण्यापर्यंत आली. ती निव्वळ आर्थिक वाटते, पण तिचा परिणाम गोऱ्यांपेक्षा काळ्यांना जास्त जाचतो. हेच ॲटवॉटर पुढे १९८८ साली थोरल्या जॉर्ज बुश यांच्या प्रचाराचे प्रमुख झाले.

मात्र सगळा इतिहास एवढ्यात आटोपत नाही. ६ जून १९७८ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' जवळपास ६५ टक्के मतांनी मंजूर केले. घरांच्या किमती भडकल्या होत्या, मालमत्ता कर त्याबरोबर चढत होता, आणि म्हाताऱ्या माणसांना राहते घर जाण्याची भीती खरोखर वाटत होती. ती भीती खोटी नव्हती. परंतु त्या भीतीवर स्वार होऊन आलेल्या कायद्याने मालमत्ता कर एक टक्क्यावर बांधला, आणि राज्याचा कर वाढवायला विधिमंडळात दोन-तृतीयांश मते लागतील असे ठरवले. एक-तृतीयांशाहून थोडे जास्त सभासद आता सगळ्यांना अडवू शकत होते. मिसिसिपीची जुनी युक्ती नव्या कपड्यांत आली. ह्या वेळी तिला मत देणाऱ्यांत साधी माणसेही होती.

६

१९८८ साली रिपब्लिकन उमेदवारीच्या चुरशीत न्यू हँपशायरमध्ये बॉब डोल यांनी शपथेवर सही करायला नकार दिला. बुश यांनी सही केली. तिथे डोल हरले. ऑगस्टमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात बुश यांनी देशाला आपल्या ओठांकडे नीट बघायला सांगून नवे कर लावणार नाही असे वचन दिले. १९९० मध्ये वाढत्या तुटीपुढे डेमोक्रॅट बहुमताच्या काँग्रेसशी त्यांना तडजोड करावी लागली. सर्वांत वरचा आयकर शेकडा २८ वरून ३१ झाला. १९९२ ची निवडणूक ते हरले. पराभवाला मंदीसारखी इतर कारणेही होती. पण पक्षाने धडा एकच घेतला. १९९३ साली क्लिंटन यांनी वरचा दर ३९.६ केला तेव्हा एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिले नाही. विधेयक कनिष्ठ सभागृहात २१८ विरुद्ध २१६ असे निभावले, आणि सिनेटमध्ये उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने.

ह्याच देशात दुसऱ्या महायुद्धात वरचा दर ९४ टक्के होता, आणि आयझेनहॉवर ह्या रिपब्लिकन अध्यक्षाच्या काळात ९१. तेव्हा ही कोंडी त्या पक्षाच्या रक्तातली नव्हे. ती घडवलेली आहे.

ती टिकते कशी? पक्षाचा उमेदवार तिथे पक्षांतर्गत निवडणुकीने ठरतो. सही न करणाऱ्याला किंवा सही मोडणाऱ्याला आपल्याच पक्षातला कुणीतरी त्या निवडणुकीत पाडतो. भीती विरोधकांची नसते, घरातल्यांची असते. ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातल्या वादसभेत आठ रिपब्लिकन इच्छुकांना विचारण्यात आले : खर्चात दहा डॉलरांची कपात आणि त्या बदल्यात एका डॉलरची करवाढ, असा करार झाला तर तो नाकाराल काय? आठही हात वर गेले. त्याच वर्षी दोन्ही पक्षांच्या सहा-सहा सभासदांची समिती नेमून तिला दहा वर्षांत १.२ लाख कोटी डॉलरांची तूट कमी करायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये तिने हात टेकले. परिणाम म्हणून मार्च २०१३ पासून सरसकट कपात सुरू झाली. गरीब घरच्या बालकांसाठी १९६५ पासून चालणाऱ्या 'हेड स्टार्ट' ह्या बालशिक्षण योजनेतल्या सुमारे ५७,००० मुलांच्या जागा तीत गेल्या. समितीतल्या बारांपैकी कुणाच्या मुलांच्या जागा त्यांत नव्हत्या, हे सांगायला नको.

शपथेतून सुटण्यासाठी काय करावे लागले तेही पाहण्यासारखे आहे. जुनी करकपात ३१ डिसेंबर २०१२ च्या मध्यरात्री संपणार होती. सभागृहाने १ जानेवारी २०१३ ला मतदान केले. म्हणजे दर आधी आपोआप वाढू दिले, आणि नंतर सुमारे चार लाख डॉलरांवरचे उत्पन्न सोडून बाकीच्यांचे कमी केले. झाली ती करवाढच. पण कागदोपत्री मत करकपातीला पडले, म्हणून शपथ मोडली नाही असा निर्वाळा संघटनेने दिला. मुहूर्त साधून पाप टाळणे आपल्याकडच्याच भटजींना येते असे नाही.

डेमोक्रॅट पक्षही मोकळा राहिलेला नाही. २००८ साली ओबामांनी अडीच लाख डॉलरांखालच्या कुटुंबांचा कर वाढवणार नाही असे वचन दिले. २०२० साली बायडन यांनी ती मर्यादा चार लाखांवर नेली. एका पक्षाने सर्वांना सोडायचे आणि दुसऱ्याने जवळपास सर्वांना, मग वाद उरतो तो मूठभरांपुरता. उरलेला खर्च कर्जाने. २०२५ मध्ये ते कर्ज ३६ लाख कोटी डॉलरांहून जास्त होते. २०१७ ची करकपात एकाही डेमोक्रॅटाच्या मताविना झाली, आणि ती कायम करणारा जुलै २०२५ चा कायदाही तसाच. ह्या दुसऱ्या कायद्याने गरिबांच्या आरोग्यविम्याच्या आणि अन्नसाहाय्याच्या खर्चाला कात्री लावली. कोंडी म्हणजे काहीच घडत नाही असे नव्हे. वर देणे आणि खाली काढणे कोंडीतही चालू राहते. तिला आडवते ते फक्त उलट दिशेचे पाऊल.

७

कोंडी फुटतच नाही काय? कॅन्सस राज्यात ती फुटली. २०१२ साली तिथल्या रिपब्लिकन राज्यपालांनी आयकरात मोठी कपात केली. भरभराट येईल असे सांगितले होते. आली ती तूट. २०१५ मध्ये काही शाळा पैशाअभावी सत्र लवकर संपवून बंद झाल्या. २०१७ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा निधी अपुरा ठरवला, आणि जूनमध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने आपल्याच राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून कर पुन्हा वाढवले. १९५४ चा वर्णभेदाचा निकाल ज्या टोपेका गावाच्या शाळांवरून ओळखला जातो ते गाव ह्याच राज्याची राजधानी आहे. गोऱ्या आईबापांच्याही ध्यानात आले की बंद पडली ती आपल्या पोरांची शाळा. ध्यानात यायला पाच वर्षे लागली.

आपल्याला हा इतिहास परका नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा राखलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. हक्क कशावर उभा केला आहे ते नीट पाहा. दयेवर नव्हे, धर्मावर नव्हे, सार्वजनिक पैशावर. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो पाण्यात उतरून खरा केला. तळे खासगी असते तर हा दावा करणे कितीतरी अवघड झाले असते. पुढे ते खासगी असल्याचा दावा घेऊनच सवर्ण न्यायालयात गेले, हेही विसरू नये.

जिथे सार्वजनिक पैसा आटतो तिथे आपला दावा सांगायची जागाच आटते. विनाअनुदानित महाविद्यालयात कोणत्या ठरावाचा आधार घेऊन आपली पोरगी उभी राहणार? म्हणून कराचा प्रश्न हा हिशेबनिसांचा प्रश्न नव्हे, आणि तो त्यांच्यावर सोडून देणे आपल्याला परवडणारे नाही. कर कुणावर बसतो, साबणावर की संपत्तीवर, आणि तो कुठे खर्च होतो, हे आपल्या अभ्यासमंडळांत, शिबिरांत शिकवले गेले पाहिजे.

त्या सहकाऱ्यांशी मी पुढे बोललो. भांडलो नाही. पगाराची स्लिप काढून व्यवसाय कराची ओळ दाखवली आणि म्हणालो, "सर, माझी आई ह्या पैशावर पाझर तलावावर होती." ते बराच वेळ स्लिपकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाहत्तरच्या दुष्काळात आमचे वडीलही खडी फोडायला होते. बारा एकर जमीन होती, पण विहीर आटली होती." ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती.

आमचा वाद मिटलेला नाही. शिष्यवृत्तीबद्दलचे त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. पण 'आम्ही करदाते' हे शब्द त्यांनी माझ्यासमोर पुन्हा उच्चारलेले नाहीत. यंदा अर्ज भरण्याच्या दिवसांत मी व्हरांड्यात टेबल टाकून बसतो आहे. रांगेतल्या प्रत्येकाला अर्ज तपासून देताना एक गोष्ट सांगतो : हा पैसा तुझ्या आईबापांनीही भरलेला आहे. मान वर करून घे.